खिंडीतून कोण कोण आलं?

सातवीतली माझी मुलगी एक दिवस शाळेतून आली ती गप्पच होती. दप्तर ठेवलं, हात धुतले आणि मग विचारलं, "अब्बू, आपण खैबरखिंडीतून आलो का?"

इतिहासाचा तास झाला होता. फळ्यावर नकाशा, त्यावर वायव्येकडून खाली येणारे बाण. बाकावरच्या मैत्रिणीने तिला सहज सांगून टाकलं होतं, "तुम्ही इकडून आलात." त्या पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने बाण पाहिला आणि वाचला. शेजारी माझी अम्मी मेथी निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "अपन तो पाटणसे कराडकू आये बेटा. वो बी एसटीसे."

सगळे हसलो. पण प्रश्न हसण्यावारी जाणारा नव्हता. लहानपणी मलाही तो विचारला गेला होता आणि तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं.

आमच्या घरात 'खिंड' हा शब्द नवा नाही. अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण रस्त्यावर कुंभार्ली घाटातून त्यांनी अर्धं आयुष्य गाडी चढवली आणि उतरवली. त्यांच्याही आधी, माझे पणजोबा त्याच घाटाने कोकणातलं मीठ आणि सुकी मासळी बैलांवर लादून वर देशावर आणत, असं दादी सांगायची. म्हणजे खिंडीशी आमचं नातं जुनं आहे, फक्त ती खिंड नकाशावरच्या बाणाखाली येत नाही.

त्याच उन्हाळ्यात बऱ्याच वर्षांपासून राहिलेला प्रवास ठरला. श्रीनगरहून लेहपर्यंत, गाडीने. अब्बा, अम्मी, पत्नी, मुलगी आणि मी. जवळपास सव्वाचारशे किलोमीटरचा रस्ता आणि वाटेत तीन मोठ्या खिंडी : झोजिला, नमिकाला आणि फोतूला. जाण्याआधी मी मुलीला म्हटलं, "खिंडीतून कोण आलं हे पुस्तकात नको, खिंडीतच जाऊन बघू."

झोजिला : वर कोण, खाली कोण

सोनमर्ग सोडलं की हिरवळ मागे पडते आणि रस्ता डोंगराला नखांनी धरल्यासारखा वर चढू लागतो. झोजिलाची उंची सुमारे ३,५२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. एका बाजूला ओला कडा, दुसऱ्या बाजूला थेट दरी. समोरून ट्रकांची रांग. आम्ही सगळे मुठी आवळून बसलो होतो. अब्बा मात्र पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरच्या पायांकडे बघत होते. ब्रेक कमी आणि गिअर जास्त वापरतोय हे पाहिल्यावर ते निर्धास्त झाले. पोरगा कारगिलकडचा होता. एका वळणावर त्याने चढणाऱ्या ट्रकासाठी गाडी मागे घेतली, तेव्हा अब्बा म्हणाले, "चढती गाडीकू पहले रस्ता. हमारे उधर बी यहीच कायदा है." त्यानंतर दोघांची गट्टी जमली.

त्यानेच सांगितलं की तिकडच्या भाषेत 'ला' म्हणजेच खिंड. आपण 'झोजिला खिंड' म्हणतो ते 'कुंभार्ली घाट घाट' म्हणण्यासारखं आहे.

या खिंडीतून खाली काश्मीरमध्ये उतरलेल्या माणसांत सर्वांत महत्त्वाचं नाव रिंचनचं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला घरच्या सत्तासंघर्षातून परागंदा झालेला हा लडाखचा राजपुत्र आपल्या माणसांसह काश्मीरला आला. धर्माने बौद्ध. तेव्हा काश्मीरवर हिंदू राजा सुहदेवचं राज्य होतं. १३२०च्या सुमारास दुलचा नावाच्या सरदाराने काश्मीरवर भयंकर स्वारी केली, राजा पळाला, गावंच्या गावं उजाड झाली. त्या धामधुमीत रिंचनने सत्ता हाती घेतली. पुढे सूफी संत बुलबुल शाह यांच्या प्रभावाने त्याने इस्लाम स्वीकारला आणि सुलतान सदरुद्दीन हे नाव घेतलं. काश्मीरचा पहिला मुसलमान राजा तो हाच. १३२३ साली तो वारलाही. श्रीनगरात झेलमच्या काठी 'बुलबुल लंकर' नावाची जागा आजही त्या काळाची आठवण सांगते.

आता नकाशावरचा बाण या माणसाला कसा लावायचा? काश्मीरचा पहिला सुलतान खैबरमधून आला नाही, झोजिलाच्या वाटेने आला. आला तेव्हा तो मुसलमान नव्हता, बौद्ध होता. खिंड उतरल्यावर, इथल्या मातीत, इथल्या एका फकिराच्या संगतीत तो मुसलमान झाला. मी हे मुलीला सांगत होतो तेव्हा ड्रायव्हरने मागे न बघता फक्त मान डोलावली. त्याला हे नवीन नव्हतं.

तलवार घेऊन आलेलाही होता

गोष्ट इथेच थांबवली तर ती फार गोड होईल, आणि तेवढीच खोटी. कारण याच खिंडीतून तलवार घेऊन उतरलेला मुसलमान सरदारही होता. त्याचं नाव मिर्झा मुहम्मद हैदर दुघलात. बाबराचा हा मावसभाऊ. १५३२ साली काशगर-यारकंदचा सुलतान सईद खान लडाखवर चालून आला तेव्हा हैदर त्याच्या फौजेचा सेनापती होता. लढाईला त्यांनी धर्मयुद्धाचं नाव दिलं होतं. त्या हिवाळ्यात हैदर काही हजार स्वारांसह झोजिला ओलांडून काश्मीरमध्ये घुसला. लूट झाली, लोक डोंगरांत पळाले. काही महिन्यांनी तह करून तो परतला.

हे नाकारण्यात काही अर्थ नाही. पण पुढचंही सांगायला हवं. हैदरने ज्या काश्मीरवर स्वारी केली तिथला सुलतान मुसलमानच होता. १५४०मध्ये हैदर पुन्हा काश्मीरला आला आणि सुमारे दहा वर्षं त्याने राज्य केलं. त्या काळात त्याने सर्वांत जास्त छळ कुणाचा केला असेल, तर नूरबख्शी आणि शिया मुसलमानांचा. १५५१च्या सुमारास तो मारला गेला. श्रीनगरात सुलतानांच्या कबरस्तानात तो पुरला आहे.

ज्यांचा त्याने छळ केला, त्याच पंथांचा वारसा सांगणारी माणसं झोजिलाच्या पलीकडे, कारगिल आणि बाल्टिस्तानात बहुसंख्य आहेत. आमचा ड्रायव्हर त्यांच्यापैकीच. हैदर दुघलातला 'आमचा' म्हणायचं तर या पोराच्या शेजारी बसून ते तोंड कसं उघडणार?

राजे सत्तेसाठी लढतात आणि धर्माचं नाव वापरतात, हे आपण शिवकाळाबद्दल बोलताना समजावून सांगतो. मुसलमान राजांनी मुसलमान प्रजेवर केलेला अन्यायही तितक्याच मोकळेपणाने सांगता आला पाहिजे. नाहीतर आपलं इतिहासलेखन म्हणजे समोरच्याच्या नकाशावर उलटे बाण काढणं होईल.

द्रास आणि कारगिल

झोजिलाच्या माथ्यावर ड्रायव्हरने एक पठार दाखवलं. १ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय लष्कराने इथे रणगाडे चढवले होते. लेहची वाट अडवून बसलेल्या टोळीवाल्यांना आणि पाकिस्तानी सैनिकांना हटवण्यासाठी जनरल थिमय्या यांनी ही योजना आखली. सॅपर्सनी बालतालपासून वाट तयार केली, हलके स्टुअर्ट रणगाडे गुपचूप आणले गेले आणि बर्फात अचानक समोर आलेले रणगाडे पाहून शत्रूची फळी मोडली. त्याच महिन्यात कारगिल ताब्यात आलं. अब्बांनी एकच प्रश्न विचारला, "इत्ती चढणपे रणगाडा कौन चलाया होंगा?" सेनापतीचं नाव त्यांनी विचारलं नाही. त्यांना ड्रायव्हरचं नाव हवं होतं. माझ्याकडे ते नव्हतं.

द्रासला युद्धस्मारक आहे. १९९९च्या शिखरांकडे पाहत तिथे थोडा वेळ उभे राहिलो, फातिहा पढलो आणि पुढे निघालो.

कारगिलला मुक्काम केला. बातम्यांमुळे आपल्याला कारगिल म्हणजे फक्त युद्ध वाटतं. प्रत्यक्षात ते शतकानुशतकं वाटसरूंचं गाव होतं. श्रीनगर, लेह, स्कर्दू आणि झंस्कारकडच्या वाटा इथे मिळतात. मुन्शी अझीझ भट या व्यापाऱ्याने १९२०मध्ये इथे सराई बांधली होती. तिथे काफिले उतरत, माल उतरे आणि चढे. त्या व्यापारातल्या वस्तू आज त्यांच्या वंशजांनी एका संग्रहालयात मांडल्या आहेत : खोगिरं, गालिचे, नालं, परदेशी साबण, रंगांचे डबे, हिशेबाचे कागद. आम्ही सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो ते घोड्यांच्या सामानापाशी. अम्मी म्हणाली, "तेरे पणजोबाके बैलांकू बी ऐसीच घंट्या थ्या."

दमगिरी

कारगिलनंतर मुलबेखला रस्त्यालगतच कातळात कोरलेली मैत्रेय बुद्धाची प्रचंड मूर्ती आहे. इथून पुढे मशिदी विरळ होतात आणि गोंपा दिसू लागतात. पण सीमारेषा अशी काही नाही. या पट्ट्यात एकाच गावात, कधीकधी एकाच कुळात बौद्ध आणि मुसलमान दोन्ही सापडतात.

नमिकाला ओलांडला आणि फोतूलाच्या चढणीला अम्मीला त्रास सुरू झाला. फोतूला ४,१०८ मीटर उंच, या रस्त्यावरचं सर्वोच्च ठिकाण. आधी डोकं दुखायला लागलं, मग मळमळ, मग धाप. ओठांचा रंग उतरला. माझे हातपाय गार पडले. ड्रायव्हर मात्र शांत होता. त्याने वर गाडी थांबवूच दिली नाही. "फोटो नहीं लेंगे साहब, सीधा नीचे उतरेंगे," एवढंच म्हणाला. लामायुरूच्या बाजूला उतरून तासाभरात अम्मीच्या चेहऱ्यावर रंग परतला. गरम पाणी प्यायल्यावर पहिलं वाक्य : "मेरे वास्ते तुमकू फोटो नै मिल्या."

त्या तासाभरात मला सारखा हैदर दुघलात आठवत होता. 'तारीख-ए-रशीदी' या आपल्या ग्रंथात त्याने या आजाराचं बारीक वर्णन केलं आहे. नाव दिलं आहे 'दमगिरी', म्हणजे दम पकडणारा आजार. जड ओझं घेऊन चढ चढल्यासारखा श्वास लागतो, झोप येत नाही, माणूस असंबद्ध बडबडतो, अंगाला सूज येते आणि वेळीच खाली नेलं नाही तर मरतो. घोड्यांनाही तो होतो, पण त्या डोंगरांत जन्मलेल्यांना होत नाही, हेही त्याने टिपलं आहे. पावणेपाचशे वर्षांपूर्वी लिहिलेलं हे वर्णन आजचा डॉक्टरही फारसं खोडणार नाही.

त्याचा सुलतान याच आजाराने गेला. १५३३च्या उन्हाळ्यात लडाखहून यारकंदला परतताना काराकोरमच्या वाटेवर सईद खानचा दम कोंडला आणि तिथेच त्याचा अंत झाला. धर्मयुद्धाची घोषणा, फौज, खजिना, कशाचाच उपयोग झाला नाही. त्याच सुमारास हैदर ल्हासाच्या दिशेने निघाला होता आणि घोडे मेल्यामुळे अर्ध्यातून फिरला. दरम्यान यारकंदला नवा सुलतान अब्दुर रशीद याने हैदरच्या चुलत्याला आणि नातलगांना ठार केलं होतं. हैदर बेघर झाला. त्याच अब्दुर रशीदच्या नावाने त्याने पुढे आपला ग्रंथ लिहिला. इतिहासात असंही असतं.

खिंड मात्र कुणाचा धर्म विचारत नाही. फौज घेऊन आलेल्या सुलतानाला तिने जे केलं तेच कराडच्या म्हातारीला करायला निघाली होती. फरक एवढाच की आमच्याबरोबर डोंगर ओळखणारा माणूस होता.

लेह : चहा, नजराणा आणि एक नदी

लेहच्या बाजारात राजवाड्याच्या पायथ्याशी जामा मशीद आहे. १६६६-६७ साली, औरंगजेबाचा काळ आणि लडाखचा राजा देलदन नामग्याल, यांच्यातल्या करारातून ती उभी राहिली. ही मुघल दबावाची खूण म्हणता येईल, आणि ते खोटं नाही. पण लेहमधल्या मुसलमानांची कहाणी त्या करारात मावत नाही. काश्मिरी आणि यारकंदी व्यापारी इथे आले, राहिले, लडाखी मुलींशी लग्नं केली. त्यांच्या वंशजांना 'अरघोन' म्हणतात. घरात लडाखी बोलतात, लडाखी जेवतात आणि जुम्म्याला या मशिदीत येतात.

मला सर्वांत विलक्षण वाटली ती 'लोपचाक'ची गोष्ट. १६८४मध्ये लडाख आणि तिबेट यांच्यात तिंगमोसगंगचा तह झाला. त्यानुसार लडाखच्या बौद्ध राजाने दर तीन वर्षांनी ल्हासाला, दलाई लामांच्या दरबारी, नजराणा पाठवायचा आणि तिकडून दरवर्षी चहाचा काफिला लेहला यायचा. हा नजराणा घेऊन महिनोन्‌महिने पठार तुडवत कोण जायचं? पुढे हा मान लेहच्या ख्वाजा मुसलमान व्यापारी घराण्याकडे आला. बौद्ध राजाची भेट, बौद्ध धर्मगुरूसाठी, मुसलमानांच्या हाती. राजे गेले, डोगरा सत्ता आली, तरी ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत टिकली. त्याच घराण्यातले अब्दुल वाहिद राधू १९४२च्या काफिल्याबरोबर ल्हासाला गेले होते आणि त्यांनी त्या प्रवासाबद्दल पुस्तकही लिहिलं.

दुसरी गोष्ट एका हमालाची. गुलाम रसूल गलवान, जन्म साधारण १८७८, लेहचा गरीब मुलगा. पोरवयातच तो युरोपियन प्रवाशांबरोबर घोडे हाकायला जाऊ लागला. काराकोरमच्या पलीकडे, तिबेटच्या पठारावर, अनेक मोहिमांत त्याने सामान वाहिलं, वाटा शोधल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने आपली आठवण लिहिली, ती १९२३मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झाली. प्रस्तावना यंगहजबंडची. आयुष्याच्या अखेरीस तो लेहमध्ये 'अक्सकल' म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख अधिकारी झाला आणि १९२५मध्ये वारला. एका मोहिमेत त्याने वाट काढून दिली म्हणून तिथल्या नदीला त्याचं नाव पडलं. तीच गलवान नदी. १५ जून २०२० रोजी त्या खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले तेव्हा ते नाव घराघरात टीव्हीवर गाजलं. ते नाव कुणाचं, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.

लेहमध्येही सगळं आलबेल नव्हतं. १९८९मध्ये तिथे बौद्ध आणि मुसलमानांत दंगल झाली आणि मुसलमानांवर सामाजिक बहिष्कार टाकला गेला. तो १९९२पर्यंत चालला. एकाच घरातले भाऊ-बहीण एकमेकांकडे जेवायचे बंद झाले. तीनशे वर्षं जो चहा एकाच भांड्यात उकळला, तो तीन वर्षांत नासू शकतो. बहिष्कार उठला आणि व्यवहार पुन्हा सुरू झाले, पण सहजीवन एकदा मिळालं की कायमचं मिळतं असं नाही, हे लेहइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

आपला घाट

परतीच्या प्रवासात मुलीने पुन्हा विचारलं, "मग आपण कुठून आलो?"

मी तिला चौलची गोष्ट सांगितली. इसवी सन ९१६च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी कोकणच्या किनाऱ्यावर सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला होता. राष्ट्रकूटांचं राज्य होतं. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांच्या व्यवहारांसाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला आहे, असं तो लिहितो. अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला तो १२९६मध्ये. म्हणजे त्याच्या पावणेचारशे वर्षं आधी इथे अजान होत होती, आणि ती ऐकू येत होती बंदरावर. घोडे, खजूर, मोती गलबतातून उतरत आणि घाट चढून देशावर जात. मसूदीचे ते लोक जिथून आले तिथून एकही बाण आपल्या फळ्यावर येत नाही, कारण त्यांनी कुणाचा किल्ला घेतला नव्हता.

आमचं घराणं त्यांच्यापैकी आहे, असं मी तिला सांगितलं नाही. आमच्याकडे वंशावळ नाही. पणजोबांच्या पलीकडचं नावही ठाऊक नाही. कदाचित कुणी अरब खलाशी असेल. कदाचित, आणि हे जास्त शक्य आहे, रिंचनसारखा इथलाच कुणी असेल, ज्याने एका फकिराच्या दारी बसून वेगळा कलमा पढला. माहीत नसलेल्या पूर्वजाला अरबस्तानात नेऊन बसवणं हीसुद्धा नकाशाची एक जुनी खोड आहे आणि ती आपल्याकडेही आहे.

मुलगी थोडा वेळ विचार करत होती. मग पुढच्या सीटवर बसलेल्या आपल्या आजोबांना म्हणाली, "दादा, कुंभार्लीतून तुम्ही किती वेळा गेलात?"

अब्बांनी बोटं मोजली, मध्येच हिशेब सोडून दिला. झोजिलाचा उतार सुरू झाला होता. समोरून एक लष्करी ट्रक चढत होता. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि थांबला. अब्बा म्हणाले, "पहले उसकू जाने दे. फिर बताता."